या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत

"बत्तीस कशाला, त्रेचाळीस घ्या की साहेब! अकरा इंचांचा तर फरक." टीव्हीच्या दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात खोटं काही नसतं, पण मोजलेला असतो कर्ण आणि आपण बघणार असतो अख्खा पडदा. पडदा कर्णाच्या वर्गानं वाढतो. ३२ इंची टीव्हीचा पडदा साधारण ४३८ चौरस इंच, ४३ इंचीचा ७९०. म्हणजे ऐंशी टक्के जास्त! ५५ इंची तर बत्तीसच्या जवळजवळ तिप्पट. दोन किमतींना दोन क्षेत्रफळांनी भागून बघावं. मोठा टीव्ही कधीकधी चक्क स्वस्त निघतो. (बऱ्याच बत्तीस इंचींच्या खोक्यावर ८० सेंमी छापलेलं असतं. बत्तीस इंचांचे होतात ८१.२८. असो.)

कर्ण मोजायची ही रीत पिक्चर ट्यूबच्या काळातली. सुरुवातीच्या ट्यूबचं तोंड गोल, त्यामुळे मोजायचा तो व्यास. पुढे तोंड चौकोनी झालं आणि व्यासाच्या जागी कर्ण बसला.

दोन पडद्यांची ठेवण, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण, सारखी असेल तोवर कर्णावर भागतं. ती बदलली की घोळ. "या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत साठ फूट" असं सांगून कुणी प्लॉट विकायला लागला, तर आपण आधी लांबी-रुंदी विचारू. लांबट पट्टा गळ्यात मारतोय की काय, ही शंका येणारच. मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण गुपचूप पैसे मोजतो. कर्ण तोच ठेवून आयत लांबवत नेला की क्षेत्रफळ आटत जातं. पूर्वीचे फोन १६:९ असत, आता २०:९ सर्रास दिसतात. हिशेब केला तर आजचा ६.४ इंची पडदा जुन्या ठेवणीच्या ६ इंचीएवढाच भरतो, किंचित कमीच. वर गोलवलेले कोपरे आणि कॅमेऱ्याचं भोक.

टीव्हीवर याचा उलटा प्रकार बघायचा तर दूरदर्शनची एखादी जुनी मालिका लावावी. ती ४:३ मधली. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि ४३ इंची टीव्हीवर चित्र उरतं ३५ इंचांचं. आमच्या काकांना हे साफ नामंजूर. "पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत," म्हणत ते रिमोटनं चित्र ताणून कडेपर्यंत नेतात. मग मालिकेतली सडपातळ नायिका तीस-पस्तीस टक्क्यांनी रुंद होते, आणि काका समाधानानं पाय पसरून बसतात.