वाढ तशीच, पकड मात्र गेली

खानापूरकडच्या एका बाईंची लघवी त्या वर्षी तिसऱ्यांदा बेळगावात आमच्या लॅबमध्ये कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, आली. ०.००१ मिलीच्या लूपनं (तारेच्या कडीनं) क्लेड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या थरावर पसरली, रात्रभर ३७ अंशांवर ठेवली. सकाळी पिवळ्या वसाहती शंभराच्या वर, म्हणजे मिलीमागं लाखाहून जास्त जंतू. लघवीच्या त्रासात नेहमी सापडणारा ई. कोलायच. रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "महिनाभर क्रॅनबेरीचा रस पितोय की ओ सर, मग जंतू मरंनात कसे?"

मारायचं काम क्रॅनबेरीचं नव्हेच. ते आंबट विलायती फळ जंतूंना आतल्या पेशींना चिकटू देत नाही. दुपारी हाताला उसंत होती, म्हणून ही पकड बघायला त्याच प्लेटवरचा जंतू काचपट्टीवर घेतला.

माणसाच्या तांबड्या पेशी सलाईननं तीनदा धुऊन ३ टक्क्यांचं द्रावण केलं. त्यात १ टक्का मॅनोज ही साखर घातली. जंतू आपल्या बारीक केसांनी पेशींना धरतो, तेव्हा पेशींच्या गुठळ्या होतात. साध्या, टाइप १ केसांची पकड मॅनोजनं सुटते. इथं मॅनोज असूनही मिनिटभरात रवाळ गुठळ्या झाल्या. मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या जंतूंवर बहुधा दिसणारे पी-फिंब्रिए, म्हणजे दुसऱ्या जातीचे केस, असल्याची ही खूण.

बिनसाखरेच्या क्रॅनबेरी रसाचा पहिला प्रयोग फसला. जंतू न घालताच रसानं पेशींच्या गुठळ्या केल्या! रसाचा पीएच अडीचच्या आसपास, म्हणजे फार आंबट, शिवाय त्यातली टॅनिनं (तुरट द्रव्यं) स्वतःच पेशींना धरतात. मग सौम्य कॉस्टिक सोड्यानं पीएच ७ वर आणला आणि नुसत्या रसानं गुठळी होईना इतपत सलाईननं पातळ केला. जंतू त्यात १५ मिनिटं ठेवून पेशी घातल्या. थेंब दुधासारखा एकसंध राहिला. शेजारचा सलाईनचा थेंब रवाळ. रसातले तेच जंतू अगारवर टाकले, तर दुसऱ्या दिवशी वाढ जशीच्या तशी.

पकड सोडवतात ती रसातली ए-प्रकारची प्रोअँथोसायनिडिनं, टॅनिनांतलीच द्रव्यं. त्यांच्या कड्यांमध्ये एक जादा बंध असतो. द्राक्षं, सफरचंदात मुख्यतः बी-प्रकार, त्यांचा तसा गुण दिसत नाही. अर्थात काचपट्टी म्हणजे मूत्राशय नव्हे. ही द्रव्यं आतड्यातून फार थोडी शोषली जातात. अभ्यासांत या द्रव्यांचा दिवसाला ३६ मिलिग्रॅमचा मात्रा-आकडा येतो, आणि बाजारातल्या गोड पेयात फळ किती, साखर किती, ते लेबलावरच बघावं. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात ५० चाचण्या होत्या. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांत पुन्हा लघवीचा संसर्ग होण्याचा धोका साधारण चौथाईनं घटला. गरोदर बायका आणि वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांत मात्र फायदा दिसला नाही.

"मग आमची करवंदं चालतील काय?" बाईंनी विचारलं. जांबोटीच्या रानातली करवंदं लाल-काळी, आंबट खरी, पण झाड वेगळं, कूळही वेगळं. क्रॅनबेरीवरचे निष्कर्ष त्यांना लावता येत नाहीत. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर क्रॅनबेरीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

बाईंच्या जंतूला नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक लागू पडत होतं, तसं रिपोर्टात लिहिलं होतं. तो रिपोर्ट घेऊन त्या डॉक्टरांकडं गेल्या.