४०३००१ : पणजीच्या पिनकोडाची चिरफाड कुठवर आली

गोव्यातल्या मोठ्या गावांचे पिन भागून पाहायला घेतले तर फार टिकत नाहीत. वास्को (४०३८०२) सम, फोंड्याला (४०३४०१) ३ ने भाग जातो, मडगावला (४०३६०१) ११ ने, म्हापशाला (४०३५०७) १३ ने. पणजीचा ४०३००१ मात्र मूळ संख्या निघाला.

वर्गमूळ साधारण ६३४.८, म्हणजे ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहायचं. ४०३००० = २³ × ५³ × १३ × ३१, त्यामुळे २, ५, १३ आणि ३१ ने बाकी १ उरणार हे न भागताच कळतं. उरलेल्यांसाठी नुसतं ‘भाग जात नाही’ असं लिहून सोडू नका, बाकी लिहून ठेवा. कुठल्याही मूळ संख्येची बाकी तिच्यापेक्षा २ ने कमी नसेल, तर ४०३००३ सुद्धा मूळ. तशी एकही सापडत नाही. एकाच तक्त्यात जोडमूळ संख्या (२ च्या अंतरावरच्या दोन मूळ संख्या) हाती! बाकी १ ने कमी येते ती ३ (बाकी २), १७ (बाकी १६) आणि ४३९ (बाकी ४३८) इथे. ४०३००२ = २ × ३³ × १७ × ४३९ याच्याशी ते जुळतं. (२ ची बाकी तर १ च असते.) जुळलं नाही तर तक्ता चुकलाय.

४ ने भागून बाकी १, म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज असणारच, तीही एकाच प्रकारे. आंधळेपणाने शोधलं तर शेकडो वर्गमुळं काढावी लागतील. ८ ने बाकी १ असल्याने सम पद ४ च्या पटीत. ५ ने बाकी १, म्हणून एक पद ५ च्या पटीत. ३ ने बाकी २, म्हणून ३ ची पट कुठलंच नाही. आधी सम पदच ५ च्या पटीत धरलं, तर २०, ४०, ८०, १००… असे २१ उमेदवार राहतात. ५६० ला गाठ पडते:

२९९² + ५६०² = ८९४०१ + ३१३६०० = ४०३००१

दुसरी शक्यता मग तपासायची गरजच नाही.

१ ÷ ४०३००१ चा आवर्ती गट (दशांशात पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) पूर्ण ४०३००० अंकी असेल ही आशा सोडावी. ८ ने बाकी १ म्हणून २ हा वर्गशेष (म्हणजे कुठल्या तरी वर्गाला ४०३००१ ने भागून उरणारी बाकी), ५ ने बाकी १ म्हणून ५ ही, आणि म्हणून १० ही. त्यामुळे गटाची लांबी ४०३००० च्या निम्म्याची, म्हणजे २०१५०० ची विभाजक. नेमकी कोणती, हे ठरवायला १० चे १००७५०, ४०३००, १५५०० आणि ६५०० हे घात (२०१५०० ला २, ५, १३ आणि ३१ ने भागून येणारे) ४०३००१ ने भागून तपासायचे. एकाचीही बाकी १ आली नाही तर लांबी पूर्ण २०१५००.

हे काम साध्या ८ किंवा १० अंकी कॅल्क्युलेटरवर करू नका. मधले वर्ग १२ अंकांपर्यंत जातात, शेवटचे अंक गळतात आणि बाकी गुपचूप चुकते. प्रोग्राममध्ये ३२ बिटांचा पूर्णांक घेतला तरी बाकी अशीच चुकते. पद्धत नीट चालते का हे कळायला आधी ३ चा २०१५०० वा घात काढून पाहा: १७ वेळा वर्ग, ७ वेळा तिप्पट, दर पायरीला बाकी. शेवटी ४०३००० यायला हवेत. दुसरं काही आलं तर १० कडे वळू नका.