चौकडी

विधानसभेत अध्यक्षांच्या आसनासमोर खाली एक टेबल असतं. त्या टेबलाशी बसून मी सव्वीस वर्षं मराठी लघुलेखन केलं. आम्हाला प्रतिवेदक म्हणतात. ठराविक मिनिटांची पाळी असते. पुढचा प्रतिवेदक शेजारी येऊन लिहू लागला की आपण उठायचं, खोलीत यायचं आणि आपली पाळी टंकलेखकाला सांगायची. पानाच्या डोक्यावर 'असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही' असं असतं. ती प्रत सदस्याकडे जाते. ऐकण्या-लिहिण्यातली चूक तो दुरुस्त करू शकतो, बोललेला मुद्दा मात्र बदलू शकत नाही.

नव्वदच्या दशकातलं नागपूरचं हिवाळी अधिवेशन होतं. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. अर्धा तास चर्चा दिवसाच्या शेवटी येते. प्रश्नोत्तराच्या तासात ज्या उत्तरानं समाधान झालं नाही, त्यावर सदस्याला पुन्हा बोलता येतं ते तेव्हा. पत्रकार कक्ष रिकामा, सभागृहात जेमतेम वीस-बावीस माणसं. दुष्काळी तालुक्यातले एक आमदार रोजगार हमीवर बोलायला उभे राहिले. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. त्यांच्या हातात भाषणाचा कागद नव्हता, घडी पडलेला एक हजेरीपट होता.

त्यांच्या भाषणाची मी वाट पाहायची. एवढ्यासाठी की ते वाक्य अर्धवट सोडत नसत. त्या रात्री त्यांनी सुरुवात केली ती विसापूरपासून. तासगाव तालुक्यातल्या या गावात वि. स. पागे यांनी ही योजना आधी करून पाहिली. पुढे ते विधान परिषदेचे सभापती असतानाच, १९७७ साली, दोन्ही सभागृहांनी तिचा कायदा एकमतानं केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यातून खेड्यातल्या हाताला काम द्यायचं. ते म्हणाले, "हा कायदा या राज्यानं देशाला द्यावा इतका मोठा आहे. पण द्यायच्या आधी आपण तो माझ्या तालुक्यात नीट पाळू या."

मग ते एका पाझर तलावाच्या कामावर आले. तिथल्या बायकांची मजुरी कापली गेली होती. माती खणून झाली होती, पण माप घ्यायला कुणी वेळेवर आलं नाही. मधल्या काळात अवकाळी पाऊस झाला, गाळ भरला. मग खोली कमी भरली आणि मोजमाप पुस्तकात कमी काम लागलं. रोजगार हमीत मजुरी मापावर असते, म्हणजे पैसे तेवढेच कमी. आवाज जराही न चढवता ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, ह्या चौकडीनं बायकांची तीन आठवड्यांची मजुरी गिळली."

समोरची बाकं एकदम उठली. "चौकडी कुणाला म्हणता? नावं घ्या!" "असंसदीय आहे, कामकाजातून काढून टाका!" आमदार काहीतरी सांगत होते, पण आवाजात ते बुडून गेलं. एवढ्या थोड्या माणसांचा इतका गोंगाट होऊ शकतो हे तेव्हा कळलं. अध्यक्षांच्या जागी बसलेल्या तालिका अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि नेहमीचं वाक्य उच्चारलं, "मी तपासून निर्णय देतो." तपासायचं म्हणजे आमची प्रत पाहायची. आणि पाळी माझी होती.

खोलीत आले तेव्हा हात गार पडले होते, आणि ते नागपूरच्या थंडीनं नव्हे. ध्वनिफीत लावून पाहिली, तर त्या जागी नुसती बाकं वाजत होती. वहीत मात्र शब्द स्वच्छ होता. 'चौकडी'. माझा जन्म दादरचा. मलाही त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, चौघांचं टोळकं. पण मागचं-पुढचं वाचलं की तो बसेना. आधी गाळ, नंतर खोली. मध्येच टोळकं कुठून आलं? ज्येष्ठांनी सुचवलं, ऐकण्यात चूक झाली असं लिहून द्या, विषय मिटेल. मी नाही म्हटलं. ऐकण्यात चूक झालेली नव्हती.

मुंबईहून आमच्याबरोबर आलेला बीडकडचा शिपाई चहा ठेवत होता. त्यानं विचारलं, "काय झालं बाई?" मी वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, चौकडी म्हंजी खड्डा की." किटली खाली ठेवून त्यानं पावलांनी फरशी मोजून दाखवली. इकडून दहा फूट, तिकडून दहा फूट, खोल एक फूट. तेवढी माती काढली की एक ब्रास. बहात्तरच्या दुष्काळात त्याची आई अशा चौकड्या खणायची आणि दुपारी खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची. तो बोलत होता आणि मी लिहायचं थांबले होते. हजेरीपट, गाळ, ब्रास हे सगळे शब्द मी वर्षानुवर्षं टिपले होते. त्यांना आकार त्या फरशीवर आला.

आता अडचण वेगळीच. प्रतिवेदकाला खुलासा करता येत नाही. कंसात 'खड्डा' असं घालणं म्हणजे सदस्याच्या तोंडी शब्द घालणं. मला करता येण्यासारखं एकच होतं. मागितलेलं एकच वाक्य न देता पाझर तलावाच्या उल्लेखापासूनचा सगळा उतारा सलग टंकून घेतला आणि तो वर पाठवला. चौकडीच्या आधीच्या दोन वाक्यांत गाळ होता, एवढ्यावर माझी भिस्त होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्णय आला. मजकूर तपासला, काढून टाकण्यासारखं काही नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाशी धड बोललेच नाही.

दुपारी आमदार स्वतः आमच्या खोलीच्या दाराशी आले. सहसा प्रत माणसाकरवी परत येते. त्यांच्या हातात माझी पानं होती. मला वाटलं, चौकडीबद्दल काही म्हणतील. ते म्हणाले, "ताई, एक आकडा चुकलाय. तुम्ही सत्तर चौकड्या लिहिल्यात. त्या सतरा आहेत."

मी वही काढली. आकडे आम्ही नेहमी अंकात लिहितो. तो मात्र घाईत लघुलेखनाच्या रेघेत लिहिला गेला होता, आणि वेगात स्वर गाळले की 'सतरा' नि 'सत्तर' यांची रेघ एकच दिसते. रात्रभर मी ज्या शब्दाला जपत होते त्याच्या शेजारीच माझी चूक बसली होती. मी माफी मागितली. "हजेरीपटावर आहे की," असं म्हणून त्यांनी तो उलगडला. अंगठ्यांचे निळे ठसे, एकाखाली एक. त्यांनी बोटानं मोजून दाखवलं, सतरा. "सत्तर राहू दिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण उद्या मंत्र्यांनी माणूस पाठवला आणि त्यानं सतराच मोजल्या, तर त्या सतराही खोट्या ठरतील."

त्यांनी समासात लाल शाईनं '१७' लिहिलं, सही केली आणि सभागृहात मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी शेतीवर चर्चा होती आणि त्यांचं नाव यादीत सहावं होतं.

२००५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा ते विधानसभेत नव्हते. मी ग्रंथालयात जाऊन नव्वदच्या दशकातला तो खंड काढला. पान सापडायला वेळ लागला. 'चौकडीनं' आहे. '१७' आहे, अंकात.