तुम्ही विचारलंत म्हणून: अजिनोमोटोनं मेंदू जळतो का?

मी उंदरांच्या मेंदूवर काम करते हे कळलं की लोक आधी नाक मुरडतात आणि मग हमखास एकच प्रश्न विचारतात. परवा गिरगावात चायनीज भेळेच्या गाडीपाशी शेजारच्या काकूंनी तो विचारला, प्लेट हातात तशीच धरून. "अगं, अजिनोमोटोनं मेंदू जळतो म्हणतात, खरं का?"

नाही जळत. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचा क्षार. 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं. पिकलेल्या टोमॅटोतही ते असतंच. खाल्लेलं बहुतेक आतड्यातच खर्ची पडतं, रक्तात उरलेलं मेंदूच्या वेशीवर अडतं. भीतीचं मूळ 1969 सालचं. जॉन ओल्नींनी नवजात उंदरांना ते मोठ्या मात्रेत टोचलं आणि मेंदूतल्या पेशी मेलेल्या दिसल्या. प्रयोग खराच होता. पण टोचणं वेगळं, भेळेवर चिमूटभर टाकणं वेगळं.

काकूंची भीती खोटी नाही, तिचा पत्ता चुकलाय. मेंदू स्वतःच ग्लुटामेट बनवतो, पेशी त्यातूनच एकमेकींशी बोलतात. ते ज्या दारांवर थाप मारतं त्यातलं एक म्हणजे एनएमडीए रिसेप्टर. बँकेच्या लॉकरला कशी एक किल्ली आपली, एक बँकेची? इथे एक ग्लुटामेटची, दुसरी ग्लायसिन किंवा डी-सेरिनची. दोन्ही फिरल्या तरी दारात मॅग्नेशियमचा बोळा असतो. पेशी आधीच पुरेशी चेतलेली असेल तरच तो निघतो आणि कॅल्शियम आत शिरतं. शिकणं, लक्षात ठेवणं यातलं बरंचसं या जोडकुलपावर चालतं.

त्या बोळ्याची किंमत मला स्वतःच्या वेंधळेपणातून कळली. मेंदूच्या पातळ चकत्या जिवंत ठेवायला आम्ही क्षारांचं द्रावण करतो, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडतो. एका सकाळी लोकल चुकली, घाईघाईत मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं राहिलं. थोड्या वेळानं पडद्यावरची, पेशींचे विजेचे संकेत दाखवणारी शांत रेघ थयथयाट करू लागली, फिट आल्यासारखी. मी आपली अर्धा तास ॲम्प्लिफायरच्या वायरी तपासत बसले!

पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की ग्लुटामेटचा पूर येतो, दारं उघडीच राहतात आणि कॅल्शियमनं पेशी मरतात. मग दार बंद करणारं औषध द्यावं की? तशी औषधं माणसांवरच्या चाचण्यांत आपटली. रोजचा व्यवहारही त्याच दारातून चालतो ना. अल्झायमरमध्ये मेमँटिन देतात, ते याच दारात बसतं. थोडा आराम पडतो, रोग थांबत नाही. भुलीचं केटामाइनही इथलंच.

मला सगळ्यात चटका लावतो तो 2007 मध्ये होसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी ओळखलेला आजार. शरीराच्याच अँटिबॉडी या रिसेप्टरवर उठतात. कालपर्यंत धड असलेली तरुण मुलगी एकाएकी भलतंसलतं बोलायला लागते, मग फिट्स येतात. घरचे कुणी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, कुणी अंगारा लावतात. काहींच्या बीजांडकोशात गाठ सापडते. ती काढून, स्टेरॉइड वगैरे देऊन, महिनोन् महिने लागले तरी बऱ्याच जणी सावरतात.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे खाऊ ना?"

खा की. त्या लालभडक रंगाचं मात्र मला विचारू नका, तो माझा विषय नाही.