निसर्गचक्र म्हणता, पण कोणतं चक्र?

आजची तापमानवाढ म्हणजे निसर्गाचंच चक्र आहे, असं अनेकदा ऐकू येतं. पृथ्वीचं हवामान माणूस नव्हता तेव्हाही बदलत होतं. हिमयुगं आली आणि ओसरली, समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली गेली आणि पुन्हा वर आली. यात वादाचं काहीच नाही. पण हा सगळा इतिहास ज्या शास्त्रज्ञांनी खणून काढला, तेच आजच्या तापमानवाढीचं कारण माणूस आहे असं सांगतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. ‘निसर्गाचं चक्र आहे’ एवढं म्हणून विषय मिटत नाही, कारण चक्र म्हटलं की त्याचा हिशेब द्यावा लागतो. ते किती वर्षांत फिरतं? सध्या कुठल्या दिशेला चाललंय? आणि मुख्य म्हणजे, त्यातून जादा उष्णता येते कुठून?

नाव सर्वांत जास्त घेतलं जातं ते सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलानकोविच यांच्या कक्षाचक्रांचं. पृथ्वीची कक्षा कमी-जास्त लांबट होण्याचं चक्र साधारण १,००,००० वर्षांचं आहे. आसाचा कल २२.१ ते २४.५ अंशांमध्ये बदलतो, त्याला ४१,००० वर्षं लागतात. आसाच्या डोलण्यामुळे पृथ्वी सूर्याच्या जवळ असण्याचा ऋतू बदलत जातो, ते चक्र २०,००० वर्षांच्या आसपासचं. या तिघांच्या मेळातून उत्तर गोलार्धात, ६५ अंश अक्षांशाच्या आसपास, उन्हाळ्यात किती ऊन पडतं हे ठरतं आणि तिथला बर्फ टिकणार की वितळणार हे त्यावर अवलंबून असतं. ते ऊन गेली सुमारे दहा हजार वर्षं कमी होत आलंय. आसाचा कल आज २३.४ अंश आहे आणि तोही कमी होतोय. म्हणजे हे चक्र खरं आहे, पण सध्या त्याचा कल हळूहळू थंडीकडे नेणारा आहे.

वेगही जुळत नाही. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना जागतिक सरासरी तापमान सुमारे दहा हजार वर्षांत ५ ते ६ अंश वाढलं, म्हणजे शतकाला अंशाचा जेमतेम विसावा भाग. ग्रीनलँडसारख्या ठिकाणी स्थानिक उसळ्या याहून कितीतरी मोठ्या होत्या, पण इथे प्रश्न जागतिक सरासरीचा आहे. १९७० च्या दशकापासून ही सरासरी दर दहा वर्षांना जवळपास ०.२ अंशाने वाढतेय. तीसपटीहून जास्त वेग, आणि तोही कक्षाचक्रांच्या सध्याच्या कलाच्या उलट्या दिशेने.

इथे एक नेहमीचा आक्षेप येतो: बर्फाच्या गाभ्यांमध्ये, म्हणजे खोल खणून काढलेल्या जुन्या बर्फाच्या नोंदींमध्ये, आधी तापमान वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड मागून वाढतो, मग तो कारण कसा? अंटार्क्टिकाच्या काही नोंदींमध्ये असं दिसतं, हे खरं. ही नोंद वाचायला अवघड आहे, कारण बर्फातले हवेचे बुडबुडे पन्नास ते शंभर मीटर खोल गेल्यावरच पूर्ण बंद होतात. त्यामुळे आतली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा शेकडो, कधी हजारो वर्षांनी तरुण असते. ती दुरुस्ती करूनही क्रम असाच निघाला तरी अडचण नाही. तेव्हाची सुरुवात उन्हाने केली, समुद्र तापला, तापलेल्या समुद्राने वायू सोडला आणि त्या वायूने पुढची वाढ घडवली. आज मात्र समुद्र वायू सोडत नाही, तो शोषतोय. त्याच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच; तो उतरला म्हणजे पाण्यात वायू मुरून आम्लता वाढली) औद्योगिक काळाआधीच्या ८.२ वरून ८.१ च्या आसपास आलाय. हवेतला जादा कार्बन समुद्रातून आला असता तर समुद्रातला कमी व्हायला हवा होता.

मग तो आला कुठून? याचं उत्तर बेरीज-वजाबाकीत मिळतं. हवेत एक पीपीएम, म्हणजे दहा लाख रेणूंमागे एक रेणू, वाढायला सुमारे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लागतो. जीवाश्म इंधनं आणि सिमेंट मिळून माणूस वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन सोडतो, जंगलतोडीचे आणखी काही अब्ज टन. सगळा हवेत राहिला असता तर पातळी दरवर्षी पाच पीपीएमने वाढली असती. प्रत्यक्षात ती अडीचच्या आसपास वाढते. उरलेला निम्मा समुद्र आणि झाडं-माती गिळतात.

निसर्गाची उलाढाल माणसापेक्षा वीसपट मोठी आहे, मग माणसाच्या पाच टक्क्यांनी काय होणार, असं विचारणाऱ्याने पासबुक डोळ्यांसमोर आणावं. खात्यात महिन्याला लाख रुपये येतात आणि लाखाहून थोडे जास्तच जातात, शिवाय दुसरं कोणी दर महिन्याला पाच हजार भरतं. शिल्लक वाढली तर ती कोणामुळे? झाडं आणि समुद्र प्रचंड वायू सोडतात, पण घेतात त्याहून जास्त. निसर्गाची निव्वळ बाजू शोषणाची आहे. वाढ आपल्या उत्सर्जनापेक्षा कमी आहे एवढी एकच गोष्ट हे सिद्ध करायला पुरेशी आहे, आणि या सगळ्या वादात मला हा सर्वांत भक्कम मुद्दा वाटतो. त्याला कुठलं संगणकीय प्रारूप लागत नाही.

तरी ज्याला आणखी पुरावा हवा, त्याच्यासाठी तो खुद्द रेणूंमध्ये आहे. कार्बनचे तीन समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, हवेत असतात. कार्बन-१४ वैश्विक किरणांमुळे वरच्या हवेत सतत तयार होतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यामुळे त्यात तो उरलेलाच नाही. असा ‘मेलेला’ कार्बन मिसळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं. हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकात झाडांच्या वाढवलयांमध्ये हीच घट मोजली. पुढे अणुचाचण्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण जवळपास दुप्पट केलं, म्हणून त्यानंतरच्या आकड्यांतून चाचण्यांचा परिणाम वेगळा काढावा लागतो.

दुसरी खूण कार्बन-१३ ची. झाडं प्रकाशसंश्लेषण करताना हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, म्हणून झाडांत आणि झाडांपासून बनलेल्या इंधनात कार्बन-१३ कमी असतो. हवेतलं त्याचं प्रमाण ‘दर हजारी फरक’ (ठरावीक प्रमाण नमुन्यापेक्षा हजारात किती कमी-जास्त) या मापात औद्योगिक काळाआधी उणे ६.५ च्या आसपास होतं, आता ते उणे ८.५ च्या आसपास आहे. म्हणजे हवेत शिरणारा कार्बन मुळात वनस्पतींचा आहे. ज्वालामुखीचा असता तर ही घसरण दिसली नसती, कारण त्याच्या वायूत कार्बन-१३ असा कमी नसतो. फक्त आजची जंगलं जळून आला असता तर कार्बन-१४ पातळ झाला नसता. वनस्पतीजन्य, पण अतिप्राचीन, अशी दोन्ही लक्षणं असलेली वस्तू एकच: जीवाश्म इंधन.

तिसरी खूण ऑक्सिजनची. हवेतला ऑक्सिजन वर्षाला सुमारे चार पीपीएमने घटतोय. तो दोन लाख पीपीएमहून जास्त आहे, त्यामुळे श्वासाची काळजी नको. पण ज्वलन होतंय याची ती थेट पावती आहे. ज्वालामुखीतून कार्बन डायऑक्साइड तयारच बाहेर येतो, त्याला हवेतला ऑक्सिजन लागत नाही. तसाही सगळ्या ज्वालामुखींचा मिळून वायू माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही.

आता सूर्य. त्याच्या ११ वर्षांच्या चक्रात पृथ्वीपाशी पोहोचणारी ऊर्जा प्रति चौरस मीटर १,३६१ वॅटच्या आसपास सुमारे एक वॅटने कमी-जास्त होते. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याला चाराने भागायचं आणि परावर्तित होणारे तीस टक्के वगळायचे. उरतात ०.१८ वॅट, तेही वर-खाली होणारे. याउलट कार्बन डायऑक्साइड २८० वरून २०२४ मधल्या सुमारे ४२४ पीपीएमवर गेला, त्याचा भार, म्हणजे त्यामुळे प्रति चौरस मीटर अडणारी जादा ऊर्जा, काढण्याचं सोपं सूत्र आहे: ५.३५ गुणिले दोन पातळ्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. उत्तर २.२ वॅट, आणि हे सतत एकाच दिशेने. सूर्याची ऊर्जा १९७८ पासून उपग्रहांवरून मोजली जातेय. त्या काळात तिच्यात वाढीचा कल नाही. २००८ ते २०१९ हे सौरचक्र तर शतकभरातलं सर्वांत दुबळं होतं आणि तापमान चढतच राहिलं.

आकड्यांपेक्षाही निर्णायक आहे ती उंचीनुसार दिसणारी रचना. सूर्य प्रखर झाला तर हवेचे सगळे थर तापले पाहिजेत. कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालचा थर तापतो आणि वरचं स्थितांबर थंड होतं, कारण तिथल्या विरळ हवेत हा वायू उष्णता अवकाशात फेकण्याचं काम वाढवतो. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये, म्हणजे तसं मोजमाप होण्याच्या कितीतरी आधी, हे गणिताने मांडलं होतं. प्रत्यक्ष नोंदी तशाच निघाल्या. इथे एक खबरदारी घ्यावी लागते: स्थितांबराच्या खालच्या भागातल्या थंडाव्यात ओझोनच्या घटीचाही मोठा हात आहे. म्हणून वरच्या भागाकडे पाहायचं. ओझोनची घट थांबल्यावरही तो भाग थंड होत राहिला.

एल निनो आणि समुद्रातली इतर आवर्तनं एका वाक्यात निकालात निघतात: ती उष्णता समुद्रातून हवेत आणि हवेतून समुद्रात फिरवतात, नवी निर्माण करत नाहीत. हवा समुद्राच्या जिवावर तापली असती तर समुद्र थंड झाला असता. सुमारे ४,००० आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात खाली-वर होणारी स्वयंचलित यंत्रं, दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलपर्यंतचं तापमान घेतात. त्यांचं उत्तर असं की, जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रातच साठतेय.

ज्यांना हे स्वतः पडताळायचंय त्यांनी जरूर पडताळावं, सगळी माहिती मोफत आहे. जागतिक तापमानाची नासाच्या गिस संस्थेची किंवा ब्रिटनच्या हॅडक्रट या नोंदसंचाची मासिक फाइल घ्या. पहिली चूक इथेच होते: गिसचे आकडे १९५१-१९८० च्या सरासरीपासूनचा फरक दाखवतात आणि हॅडक्रटचे १९६१-१९९० च्या. दोन्ही तसेच एका आलेखावर टाकले तर नसलेली तफावत दिसते. आधी एकाच कालखंडाची सरासरी दोन्हींतून वजा करा. कल काढायला किमान तीस वर्षं घ्या. १९९८ सारख्या तीव्र एल निनोच्या वर्षापासून सुरुवात केली की वाढ थांबल्याचा भास होतो, आणि हा भास अनेक वर्षं पुरावा म्हणून विकला गेला.

त्यापुढे जायचं तर कशाचा किती वाटा हे काढायला संख्याशास्त्राने तापमानावर चार घटक एकत्र बसवा: एल निनो निर्देशांक, सौर ऊर्जा, ज्वालामुखीच्या धुळीची घनता आणि हरितगृह वायूंचा भार. पहिल्या तिघांना काही महिन्यांची सरक द्यावी लागते, कारण परिणाम उशिरा दिसतो. फसायची जागा अशी की १९८२ चा एल चिचोन आणि १९९१ चा पिनाटुबो हे दोन्ही उद्रेक सूर्याच्या कमाल अवस्थेनंतर लगेच झाले. फक्त त्याच दशकांचे आकडे घेतले तर धुळीने आणलेला थंडावा सूर्याच्या नावावर जमा होतो आणि सूर्य उगाच बलवान वाटतो. म्हणून आकडे किमान १९५० पासून घ्या. शिवाय लागोपाठच्या महिन्यांची तापमानं एकमेकांवर अवलंबून असतात. ते लक्षात घेतलं नाही तर त्रुटीची मर्यादा खोटी लहान येते.

आकड्यांत फेरफार करून वाढ दाखवली जाते, हा आरोप मला फार खटकतो, कारण सर्वांत मोठी दुरुस्ती बरोबर उलट दिशेची आहे. जुनी जहाजं कापडी बादलीने पाणी वर ओढून तापमान मोजत. वर येईपर्यंत बाष्पीभवनाने पाणी निवायचं आणि नोंद कमी भरायची. नंतर इंजिनासाठी आत घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजू लागले, ते किंचित जास्त भरायचं. दुरुस्ती करताना जुने आकडे वर उचलावे लागतात, त्यामुळे शतकभरातली जागतिक वाढ कच्च्या आकड्यांपेक्षा कमी दिसते.

निसर्गाचा वाटा शून्य मात्र नाही. १९१० ते १९४० मधल्या वाढीत सूर्याचा, मोठ्या उद्रेकांच्या अभावाचा आणि समुद्री चढउतारांचाही हात होता. पिनाटुबोने जगाला वर्ष-दोन वर्षं सुमारे अर्ध्या अंशाने थंड केलं. पण आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या, २०२१ च्या अहवालातली विभागणी पाहा. १८५०-१९०० च्या तुलनेत २०१०-२०१९ मध्ये माणसामुळे झालेली वाढ १.०७ अंश, सूर्य आणि ज्वालामुखी मिळून उणे ०.१ ते अधिक ०.१. निव्वळ हरितगृह वायूंची वाढ १ ते २ अंश आहे. तिच्यातला काही भाग धुरातल्या गंधकाच्या सूक्ष्मकणांनी ऊन परतवून झाकून ठेवलाय. १९४० ते १९७० दरम्यान तापमान रेंगाळलं त्याचं एक प्रमुख कारण तेच. हे कण काही दिवसांत पावसाबरोबर खाली येतात, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग मात्र शतकानुशतकं हवेत राहतो. त्यामुळे गंधकाचा धूर जसजसा कमी होईल तसतशी ही झाकलेली वाढही तापमापकावर दिसू लागेल.