गुरजी, एका पेपरले काऊन भेता?

"वीस वर्षं पोट्टे शिकवले म्हन्ता, मंग एका पेपरले काऊन भेता?"

गेल्या सप्टेंबरपासून हा प्रश्न मला टपरीवर विचारला गेला, एसटीत विचारला गेला, एका तेरवीच्या पंगतीत विचारला गेला आणि सख्ख्या मेहुण्यानं माझ्याच घरी जेवताना विचारला. मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं. कधी कायद्यावर बोललो, कधी चिडलो, कधी पाण्याचा तांब्या उचलून विषय बदलला. आता एकदा नीट लिहितो.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं लागेल, नाहीतर घरी जावं लागेल. माझी पंधरा वर्षं उरली आहेत. मी मोर्च्यात गेलो, घोषणा दिल्या, आणि नोव्हेंबरात पेपरही दिला. दोन्ही केलं. म्हणून तर तुम्ही विचारता.

आधी माझी बाजू ऐका. २००६ साली मी शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा महिना तीन हजार रुपये मिळायचे, तीन वर्षं. त्या वेळच्या सगळ्या अटी मी पूर्ण केल्या होत्या. बारावी, डी.एड., मेरिट लिस्ट. आता खेळ अर्धा झाल्यावर नियम बदलला, हे मला अन्यायाचं वाटतं, आजही वाटतं. शिवाय राज्यात ही परीक्षा कशी झाली तेही आपण पाहिलं. पैसे घेऊन गुण वाढवल्याच्या प्रकरणात ७,८०० हून अधिक उमेदवार अपात्र ठरले. ज्या परीक्षेचं हे झालं, तिनं माझी परीक्षा घ्यायची?

पण २०१३ ला टीईटी पहिल्यांदा आली तेव्हा मी काय म्हणालो होतो तेही मला आठवतं. "बरं झालं, आता कोणीही उठून मास्तर होणार नाही," असं मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणालो होतो. तेव्हा ती दुसऱ्यांसाठी होती.

भीतीचं म्हणाल तर भीती वाटली. पेपरची नाही म्हणणार होतो, पण थोडी पेपरचीही वाटली. अडीच तासांत १५० प्रश्न, पास व्हायला साठ टक्के. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला पोराटोरांच्या शेजारी बसून गोळे काळे करायचे म्हटलं की हात जड होतो. खरी भीती मात्र वेगळी होती, आणि ती समजायची तर २०१७ ची दिवाळी सांगावी लागेल. ही गोष्ट मी आजवर फक्त बायकोला सांगितली आहे.

त्या वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि औषध मारणाऱ्याच्या तोंडावर येत होतं. मी परिपाठात आठवडाभर मुलांना तेच सांगत होतो. हातमोजे घाला म्हणावं, तोंडाला रुमाल बांधा म्हणावं, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका म्हणावं, डब्यावरचा लाल त्रिकोण पाहा म्हणावं. मुलांनी ते पाठ केलं. मला अभिमान वाटला होता.

दिवाळीच्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलाच्या घरी गेलो. त्याचं नाव लिहीत नाही. बाप दुसरी शिकलेला, चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. ओसरीत बाजेवर मला बसवलं. कृषी केंद्रातून आणलेला डबा कोपऱ्यात होता. त्यासोबत घडी घातलेला कागद येतो, सात-आठ भाषांत छापलेला, मुंगीएवढ्या अक्षरांत. बापानं तो उलगडला आणि पोराच्या हातात दिला.

"वाच रे बाबू. पंपाले किती टाकाचं लिवलं त्याच्यात?"

पोरानं कागद डोळ्यांजवळ नेला. "सावधान," तो म्हणाला. तेवढं बरोबर होतं. मग क्षणभर थांबला, आणि एका दमात सुरू झाला. हातमोजे घालावेत, तोंडाला रुमाल बांधावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये. स्पष्ट आवाज, एकही अडखळण नाही. मी त्याच्या खांद्यावरून पाहत होतो. त्याचं बोट ज्या ओळीवर होतं ती मराठी नव्हतीच. हिंदीतली ओळ होती, आणि त्यात रिकामा डबा कुठं टाकायचा ते लिहिलं होतं.

तो माझा परिपाठ म्हणत होता.

"अन् किती टाकाचं?" बापानं विचारलं.

"तीस," पोरगा म्हणाला.

तीस कुठंच नव्हतं. बापाचा चेहरा मात्र असा फुलला होता की काय सांगू. "पाहा गुरजी, कसं खडाखडा वाचते. आमच्या घरात हा पयलाच. तुमच्यामुयं झालं."

मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "भाऊ, थांबा जरा. अक्षर लय बारीक हाय, त्याले दिसलं नसन." कागद माझ्याकडे घेतला. तिथं मात्रा हेक्टरी लिहिली होती. आपल्याकडे कोण हेक्टरमध्ये बोलतं? माणूस एकरात बोलतो आणि पंपात फवारतो. हेक्टरचे अडीच एकर, एकराला पंप किती लागतात, पंपात पाणी किती, असं करत मी त्याच कागदाच्या कोऱ्या कडेवर पेननं हिशेब केला. दोनदा केला. माझाही पहिल्यांदा चुकला होता. मग बापाला आकडा सांगितला, औषधाच्या टोपणावर किती रेघेपर्यंत भरायचं ते दाखवलं. चहा प्यायलो. त्या माऊलीनं चिवड्याची पुडी बांधून दिली, तीही घेतली.

"तुमचा पोरगा वाचत नाही," हे मी त्या ओसरीत बोललो नाही. बापाचं मन मोडवेना, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खरं तर माझा मान तिथं बाजेवर बसला होता आणि मला तो उठवायचा नव्हता.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी सगळ्यांत आधी कपाटातून जुन्या नोंदी काढल्या. तिसरीच्या वर्षी त्याच्या भाषा विषयापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आरोह-अवरोहासह प्रकट वाचन करतो.' श्रेणी अ-२. ती वर्णनात्मक नोंद मी तयार यादीतून उतरवली होती. आम्ही सगळेच उतरवायचो. बाजारात अशा नोंदींच्या पुस्तिका मिळत. अठ्ठावीस मुलांच्या, प्रत्येक विषयाच्या, दोन सत्रांच्या नोंदी, आणि त्या भरायला रात्री. तीच ओळ मी आणखी चार मुलांपुढे लिहिली होती. त्यांतली दोन मुलं खरंच वाचत होती.

मग मला वाटलं, पोरगा गैरहजर राहत असेल. कापसाच्या वेच्याला आमची अर्धी शाळा वावरात असते, हे कोणालाही माहीत आहे. हजेरी काढली. कामाचे दिवस २१८, तो हजर १९७ दिवस. तो रोज येत होता. माझ्यासमोर सतरंजीवर तिसऱ्या रांगेत बसत होता. मी "सारे मिळून म्हणा" म्हटलं की सगळ्यांत मोठा आवाज त्याचा असायचा. मी त्या आवाजाला वाचन समजलो.

आणखी एक आठवलं आणि ते जास्त लागलं. पहिली-दुसरीत तो धडा वाचताना 'मला'चं 'मले' करायचा, 'शाळा'ची 'शाया' करायचा. मी दर वेळी टोकायचो. अक्षराची चूक नव्हती, घरचा उच्चार होता. मी स्वतः घरी 'मले'च म्हणतो. एवढ्यानंच तो थांबला असं मी म्हणणार नाही, मला ते ठरवता येत नाही. पण एकट्यानं वाचायची वेळ आली की तो हळूहळू मागे सरकायला लागला आणि समूहात लपायला शिकला, हे मला आता दिसतं.

आता पुन्हा माझी बाजू. दोन शिक्षक, चार वर्ग. तुम्हाला वाटतं हा अन्याय आहे, पण तो कायदेशीर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक धरले आहेत. त्यातला एक जण बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारा. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती ही कामं त्याच कायद्याच्या २७ व्या कलमानं आमच्यावर ठेवलेली आहेत. एक जण तालुक्याला गेला की दुसऱ्यापुढे चारही वर्ग, वर पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा आणि मोबाइलवर माहिती भरायची, तीही रेंज मिळेल त्या शेताच्या धुऱ्यावर उभं राहून. हे सगळं खरं आहे. यातलं एकही अक्षर मी मागे घेणार नाही. फक्त या सगळ्यामुळं 'आरोह-अवरोहासह' हे शब्द माझ्या पेनातून आले, असं मला म्हणता येत नाही.

एकोणीस वर्षांत माझ्या शाळेला किती भेटी झाल्या असतील! शेरेपुस्तक भरलं आहे. तांदळाचा साठा जुळला, स्वच्छतागृह पाहिलं, हात धुताना मुलांचे फोटो काढले, सही झाली. माझा एक अख्खा तास मागे बसून कोणी पाहिला असेल तर तो एकाच विस्तार अधिकाऱ्यानं, मी नवीन असताना. तास संपल्यावर त्यांनी विचारलं होतं, "गुरुजी, चाळीस मिनिटांत मुलं किती बोलली?" मला राग आला होता. तो माणूस खवचट आहे असं मी चार जणांना सांगितलं होतं. आज ते भेटले तर मी काय सांगेन, कोण जाणे.

आणि गाव? गावानं मला मान दिला. पाच सप्टेंबरला शेला-नारळ दिला, लग्नात पहिल्या पंगतीला बसवलं. त्याच गावानं "फुकटचा पगार" असंही म्हटलं. यातलं दोन्ही म्हणणाऱ्यांपैकी कोणी माझा तास पाहिला नव्हता. तो बाप मला देव मानत होता, कारण त्याला वाचता येत नव्हतं. मला त्या मानाची लाज वाटते, हे मी कुठं सांगू?

म्हणून पेपरची भीती. अभ्यासाला बसलो तेव्हा बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडलं. पियाजे, व्हायगॉट्स्की, मुलाची घरची भाषा वर्गात कशी धरावी. हे सगळं मी डी.एड.ला वाचलं होतं. वाचलं कसलं, पाठ केलं होतं आणि चांगल्या गुणांनी पास झालो होतो. बोट दुसऱ्याच ओळीवर ठेवून. मीही त्या पोरासारखाच खडाखडा वाचत होतो. टीईटीत पुन्हा तेच होणार, मी पाठ करणार आणि कदाचित पास होणार, मग 'पात्र' असा शिक्का बसणार, आणि माझ्या वर्गात कोण वाचतं, कोण नुसतं म्हणतं, हे त्या शिक्क्याला कळणार नाही. मोर्च्यात मी ओरडलो ते यासाठी. आजूबाजूचे ज्यासाठी ओरडत होते ते वेगळं होतं, हेही मला माहीत होतं, तरी मी त्यांच्यासोबत चाललो.

मग परीक्षा नकोच का? तेही मला म्हणता येईना. आम्ही चौघे रात्री एकत्र अभ्यास करायचो. त्यातल्या एकाला अपूर्णांकांचा भागाकार जमत नव्हता. तो पाचवीला गणित शिकवतो. चांगला माणूस आहे, मुलं त्याच्यावर जीव टाकतात. या परीक्षेमुळं तो पहिल्यांदा ते शिकला, आणि दुसऱ्या दिवशी भाकरीचे तुकडे करून वर्गात घेतलं म्हणाला. याला मी काय उत्तर देऊ?

त्या मुलाचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. चौथीचे सहा महिने मी त्याला रोज शाळा सुटल्यावर थांबवला. पुस्तक बाजूला ठेवलं. बंडी, धुरा, तूर, बोंड, ढेप असे त्याच्या घरचे शब्द पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून द्यायचो, आणि 'मले' लिहिलं तर 'मले'च राहू द्यायचो. एप्रिलपर्यंत तो साधे शब्द स्वतःचे स्वतः वाचायला लागला, जोडाक्षरांवर अडत राहिला. मग पाचवीला दुसऱ्या गावी गेला. चार वर्षं माझ्याकडे होती, त्यातले सहा महिने मी त्याला शिकवलं. बाकीच्या साडेतीन वर्षांचा पगार मी घेतला आहे.

गेल्या वर्षी आठवडी बाजारात भेटला. मिसरूड फुटलेलं, उंच झालेला. भर गर्दीत वाकून पाया पडला. दहावी झाली का, हे मी विचारलं नाही.

सध्या माझ्याकडे तिसरीत एक मुलगी आहे. सुटे शब्द वाचते, ओळ आली की थांबते. घरी कोलामी बोलतात, तिथं काही अडतं का, की मीच काही चुकवतोय, हे अजून माझ्या लक्षात आलेलं नाही. शाळा साडेदहाला भरते, पहिला तास भाषेचा असतो. पुढच्या वेळी टपरीवर विचारण्याऐवजी सकाळी या, मागे बसा. तास होईपर्यंत उठू नका. ती वाचत असताना तिच्या बोटाकडे पाहा, आणि माझ्याकडून काय सुटतंय ते मला सांगा.