बेटमन घराण्याचा चमचा: शिक्के उलगडले!

मंडळी, माझ्या जॉर्जियन, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातल्या, चांदीच्या टीस्पूनचं अपडेट द्यायचं राहिलं होतं. सगळे शिक्के, म्हणजे चांदीवर ठोकलेल्या खुणा, अखेर उलगडले. स्टर्लिंगचा, म्हणजे चांदीच्या शुद्धतेचा, सिंह, तिसऱ्या जॉर्जचं डोकं म्हणजे ड्यूटी भरल्याची खूण, मेकरच्या शिक्क्यात वर पीबी, खाली एबी म्हणजे पीटर आणि अ‍ॅन बेटमन, आणि डेट लेटर, म्हणजे वर्ष सांगणारं अक्षर, छोटं क्यू. म्हणजे मे १७९१ ते मे १७९२. भिंगाखाली तो क्यू दिसला आणि मी उडालोच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, लंडनच्या बनहिल रोवर जॉन बेटमन सोन्याच्या साखळ्या करायचा, १७६० मध्ये तो गेला आणि हत्यारं मृत्युपत्रात बायकोला, हेस्टरला ठेवून गेला. पन्नाशी उलटलेली बाई, सही करता येत नव्हती, पण १७६१ मध्ये तिनं स्वतःचा एचबी शिक्का नोंदवला आणि १७९० पर्यंत कारखाना जोरात चालवला. यंत्रावर लाटलेला पातळ पत्रा वापरायचे, त्यामुळे चांदी कमी लागायची आणि शेफील्ड प्लेटच्या, म्हणजे तांब्यावर चांदीचा पातळ थर दिलेल्या, स्वस्त मालासमोर टिकता यायचं.

मग खरी गंमत. हेस्टर निवृत्त झाली, डिसेंबर १७९० मध्ये पीटर आणि जोनाथन या मुलांनी शिक्का नोंदवला, एप्रिल १७९१ मध्ये जोनाथनच गेला, आणि मे महिन्यात त्याची विधवा अ‍ॅन दिराबरोबर नवीन शिक्का घेऊन उभी राहिली. आधी सासू, मग सून, दोघी नवऱ्यामागे कारखान्यात! माझा चमचा या दीर-भावजयीच्या भागीदारीच्या पहिल्याच वर्षातला.

सगळे एचबीच्या मागे धावतात आणि त्यालाच भाव देतात, पण माझ्या मते घराण्याची गोष्ट पुढच्या शिक्क्यांत जास्त दिसते. १८०० मध्ये अ‍ॅनचा मुलगा विल्यमही शिक्क्यात आला.

दांड्यावरचं ब्राइट कट खोदकाम अजून धारदार आहे, तिरपं धरलं की लखलखतं. म्हणून हात जोडून सांगतो, घरच्या चांदीसारखी टूथपावडर लावून घासू नका, त्या धारा एकदा बोथट झाल्या की गेल्या. मी नुसतं कोमट पाणी, सौम्य साबण आणि सुती कापड वापरलं, खाचांतला काळपटपणा तसाच ठेवलाय.

आता शोध पीबी आयबीचा (जोनाथनचा जे तेव्हा आय असा लिहायचे). जेमतेम पाच महिने चाललेला शिक्का, त्यामुळे डेट लेटर पी असलेला कुठलाही बेटमन दिसला तर नीट बघा, आणि फोटो नक्की टाका.